पहिल्या फवाऱ्याच्या सोबतीला

"हॉस्पिटलात तुम्ही नक्की काय करता हो?" असं इथे विलायतेत, हॅरोच्या गणपतीत कुणी विचारलं की मी सांगायचे, "बसते."

लोक हसायचे. कुणाला वाटायचं रिसेप्शनला बसते, कुणाला वाटायचं बसून फुकटचा पगार खाते. पण ते अगदी खरं होतं. दोन हजार सालानंतरची काही वर्षं माझं मुख्य काम बसणं हेच होतं. क्लिनिकच्या टोकाला एक छोटी खोली, तिच्यात दोन आरामखुर्च्या. एकीत पेशंट, दुसरीत मी. पेशंटने डॉक्टरांच्या सांगण्यावरून आयुष्यात पहिल्यांदा गांजा घेतलेला असायचा, आणि त्याला पुढे काय होतंय ते मी बघत बसायचे.

दचकलात ना? मीही दचकले होते. मी हेल्थकेअर असिस्टंट, म्हणजे नर्सच्या हाताखालची. शिक्षण मॅट्रिक, इंग्रजी इथल्या वॉर्डात ऐकून ऐकून शिकलेलं. मॉरीन नावाची आमची आयरिश सिस्टर मला म्हणाली, "तू बडबडी आहेस, लोकांना तुझ्याजवळ भीती वाटत नाही. तू बस त्यांच्यापाशी." घरी येऊन मिस्टरांना सांगितलं तर ते म्हणाले, "एवढी वर्षं परदेशात काढली ती बायकोने गांजाच्या अड्ड्यावर बसावं म्हणून का?"

पण अड्डाबिड्डा काही नाही हो. चिलीम नाही, धूर नाही. झाडाचा अर्क काढून, त्याचं प्रमाण मोजून भरलेली बोटाएवढी बाटली आणि वर पंप. तोंडात फवारा मारायचा. त्याला तेव्हा अजून रीतसर लायसन्स नव्हतं. ज्यांना बाकीच्या गोळ्यांचा गुण येत नाही अशा मोजक्या पेशंटना डॉक्टर स्वतःच्या जबाबदारीवर, त्यांच्या नावाने मागवून द्यायचे. आमच्याकडे ते बहुतेक एम.एस.चे पेशंट. एम.एस. म्हणजे काय, तर विजेच्या वायरीवरचं रबर झिजलं की कसं होतं, तसं नसांचं होतं. मेंदू एक सांगतो, पाय दुसरंच करतात. पाय लाकडासारखे ताठ होतात, मधेच झटके मारतात. रात्री तर नवराबायकोला एका पलंगावर झोपणं मुश्कील. हा फवारा त्या ताठरपणासाठी.

नव्या पेशंटला मी जे सांगायचे ते अजून तोंडपाठ आहे. फवारा जिभेखाली मारा, नाहीतर गालाच्या आत. रोज जागा बदला, नाहीतर तिथे तोंड येतं. लगेच गिळू नका. सुरुवात अगदी थोड्याने, वाढवायचं ते हळूहळू आणि डॉक्टरांना विचारून. काही वाटलं नाही म्हणून लगेच दुसरा, तिसरा मारत सुटू नका, हे निवांत चढतं. डोकं हलकं होईल, घसा कोरडा पडेल, खुर्चीतून एकदम उठायचं नाही. गाडी चालवायची नाही. घरात कुणाचं मन कधी भ्रमिष्ट झालेलं असेल तर आधीच सांगा, लाजू नका. आणि महत्त्वाचं म्हणजे, ह्याने आजार बरा होत नाही. थोड्या आठवड्यांत फरक पडला तर पडला, नाहीतर बंद करायचं.

माणसं काय एकेक यायची! रॉन म्हणून एक म्हातारे बस ड्रायव्हर होते. फवारा मारून छताकडे बघत बसले. बऱ्याच वेळाने मला म्हणतात, "लव्ह, रंग कधी दिसायला लागतात?" म्हटलं, रंग नाही दिसायचे, पायाचा गोळा सुटेल. इतके हिरमुसले बिचारे! जवानीत कधी घेतला नाही, आता सरकारी खर्चाने घेतोय तर त्यात मजाच नाही, म्हणाले. केंटनच्या कांताबेनचं वेगळंच. त्यांना गांजाचं काही वाटलं नाही, "महादेवजीचा प्रसाद छे," म्हणून मोकळ्या झाल्या. पण त्यात अर्क मुरवायला अल्कोहोल असतं हे कळलं मात्र, त्यांनी तोंड घट्ट मिटून घेतलं. "दारू? मारा मोंमां?" त्यांच्या महाराजांना फोन झाला, औषध म्हणून चालेल असा निरोप आला, मग तोंड उघडलं.

हे सगळं हसण्यासारखं. आता नलिनीचं सांगते.

नलिनी पिनरची. कराडची माहेरवाशीण, वय पन्नाशीच्या अलीकडे, पूर्वी शाळेच्या किचनमध्ये नोकरी करायची. नवरा दिलीप अकाउंट्समध्ये, मुलगी शाळेच्या शेवटच्या वर्षात. व्हीलचेअर ढकलत दिलीप आत आला तेव्हा मी इंग्रजीतच सुरुवात केली, पण माझ्या बॅजवरचं नाव वाचून नलिनीने पदर नसताना पदर सावरल्यासारखं केलं आणि हळूच म्हणाली, "ताई, तुम्ही मराठी? मग खरं सांगा. हा गांजाच ना?"

"गांजाच्या झाडाचा आहे. पण औषध आहे."

"आमच्या घाटावर बैरागी ओढत बसायचे. बाबा आम्हाला हाताला धरून पलीकडून न्यायचे. आणि आज मी..."

"तू काही घाटावर बसलेली नाहीस. एनएचएसच्या दवाखान्यात खुर्चीत बसलीयस. आ कर."

फवारा मारल्यावर तिने असं तोंड केलं की दिलीप घाबरला. "काय झालं? काही होतंय का?"

"कडू! कडुलिंबात पेपरमिंट कालवल्यासारखं."

नंतर दर पाच मिनिटांनी दिलीपचं सुरू, "काही होतंय का? आता काही होतंय का?" शेवटी ती म्हणाली, "अहो, बाळंतपणात एवढं विचारलं नव्हतंत!" आणि स्वतःच इतकी हसली की मी तिचं ब्लडप्रेशर पुन्हा घेतलं.

तिला गुण आला. सगळ्यांना येत नाही, पण तिला आला. तीनेक आठवड्यांनी आली तेव्हा म्हणाली, "ताई, मुलीच्या शाळेतला कार्यक्रम पूर्ण बसून बघितला. मधेच उठवून न्यावं लागलं नाही. आणि काल सकाळी जाग आली ती आपोआप, झटक्याने नाही."

एक गोष्ट मात्र मॉरीनने तिला नीट समजावून सांगितली होती. मी तेव्हा बाजूलाच होते. एम.एस.मध्ये पायात शक्ती नसते, पण ताठरपणा असतो, आणि काही जण त्या ताठरपणावरच उभे असतात. तो सैल केला की बसणं, झोपणं सोपं होतं, पण उभं राहताना पाय मेणासारखे वाकतात. म्हणून औषध घेतल्यावर आधाराशिवाय उभी राहू नकोस. नलिनी म्हणाली, "नाहीतरी मला कुठे उभं राहायचंय?"

ती येत राहिली, आणि गप्पांत मला हळूहळू कळलं की तिच्या आजाराचं कराडला वडिलांना माहीतच नाही. भावाला माहीत, वहिनीला माहीत, शेजारच्यांनाही माहीत असावं. फक्त बाबांना नाही. "त्यांचं हृदय नाजूक आहे ना," ती म्हणाली. आपल्याकडे असंच असतं. म्हाताऱ्या माणसांना वाईट बातमी सांगायची नाही, त्यांना त्रास होईल. मीसुद्धा माझ्या आईपासून माझं एक ऑपरेशन लपवलं होतं, त्यामुळे मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

आजाराने पाय धरल्यापासून ती एकदाही माहेरी गेली नव्हती. तासभर खुर्चीत बसणं अशक्य, मग एवढं विमान कसं जमणार? बाबांना दर रविवारी फोनवर कारणं दिली जायची. सुट्टी नाही. मुलीची परीक्षा. घराचं छप्पर काढलंय. बाबा सुरुवातीला कधी येतेस म्हणून हिरिरीने विचारायचे, मग कमी कमी विचारायला लागले.

आणि एवढंच नव्हतं. आजाराच्या आधी आई गेली, तेव्हा नलिनी धावतपळत पोचली होती, पण ती यायच्या आधीच सगळं उरकलेलं. ती बाबांना रागाने बोलली होती, "माझ्यासाठी थांबला नाहीत?" आणि तशीच परत आली. ते शेवटचं जाणं. बाबांच्या मनात पक्कं बसलं होतं, पोरगी आईच्या वेळेचा राग धरून येत नाही.

"राग केव्हाच गेला हो, ताई. पण फोनवर कसं सांगू? राग नाही म्हटलं की विचारतील, मग येत का नाहीस?"

हे बाबा कोण, तर नगरपालिकेचे पाणी सोडणारे. पहाटे चावी खांद्यावर टाकून पेठापेठांतले व्हॉल्व्ह उघडत फिरायचे. सायकल दिली होती, पण ती हातात धरून चालायचे म्हणे. रिटायर झाल्यावरही रोज संगमापर्यंत चालत जाऊन यायचे.

त्या वर्षी पावसाळ्यात ते अंगणात पडले. खुब्याचं हाड मोडलं, आणि हृदय इतकं अशक्त की डॉक्टर ऑपरेशनला तयार होईनात. भावाने कळवलं, दिवस थोडे आहेत, यायचं तर ये. नलिनी दिलीपला घेऊन तडक क्लिनिकला आली. रडत नव्हती. चेहरा उजळला होता, हे मला आजही विचित्र वाटतं.

"ताई, आता मी जाऊ शकते! आता मला बसता येतं! फवारा घेत घेत जाईन. तिकडे गेल्यावर नीट आराम करून, काठ्या घेऊन दारातून चालत आत जाईन. बाबांना काही कळायला नको."

मी मॉरीनला हे इंग्रजीत सांगितलं. तिने नाही अशी मान हलवली. सांगायचं माझ्याकडे आलं, कारण मराठीत सांगायचं होतं.

"नलिनी, ही बाटली भारतात नेता येणार नाही."

"का? माझ्या नावावर आहे. डॉक्टरांचं पत्र देतील."

"इथून निघायला देतील, पण तिकडे उतरल्यावर तो गांजाच. तिकडे हे औषध म्हणून कुणाला माहीत नाही. पकडलं तर जेल."

दिलीप म्हणाला, "अहो ताई, आपण बॅगेतून काय काय नेतो! मी भावासाठी अख्खा मिक्सर नेलाय. शाम्पूच्या बाटलीत ओतलं तर कोण बघतंय?"

"दिलीपराव, मिक्सर पकडला तर मिक्सर ठेवून घेतील. हे पकडलं तर तुम्हाला ठेवून घेतील. आणि ही बाई विमानतळावर व्हीलचेअरमध्ये बसून राहील, बाबा तिकडे वाट बघत."

नलिनीने आपले गुडघे दोन्ही हातांनी दाबून बघितले. मग म्हणाली, "विमानात बसेपर्यंत घेता येईल?"

डॉक्टरांनी सगळा विचार केला. विमानतळावर घे, बाटली इथे सोड, तिकडे जुन्या गोळ्यांवर काढ. जुन्या गोळ्यांनी तिला नुसती झोप यायची, पाय तसेच. पुढे काय होईल हे तिला स्वच्छ सांगितलं: एकदोन दिवसांत पाय पुन्हा ताठ होतील, आधीसारखेच. ती म्हणाली, "असू दे."

मी सुट्टी टाकून १४० नंबरच्या बसने हीथ्रोला गेले. बाटली फार्मसीत परत पोचवायची हे निमित्त होतं, पण नुसतं निमित्त नव्हतं. कॅफेच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून तिने शेवटचा फवारा मारला. दिलीपने वर्तमानपत्र उघडून आडोसा धरला, तेही उलटं. "अहो, पेपर सुलटा धरा, लोक तुम्हालाच चढलीय म्हणतील," ती म्हणाली. बाटली माझ्या हातात ठेवताना तिने माझी मूठ दाबून बंद केली. मग एअरलाइनचा माणूस तिची खुर्ची घेऊन गेला.

ती परतली तेव्हा थंडी पडली होती. इतके दिवस औषध बंद होतं, म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात, पुन्हा ती छोटी खोली. मी तिच्याकडून फवारा मारून घेतला, ब्लडप्रेशर घेतलं, चहा दिला आणि बसले. दिलीप बाहेर कारपार्कमध्ये थांबला होता, मुद्दाम असावा. बाबा गेल्याचं मला फोनवर कळलं होतं. बाकी काही विचारायचं नाही असं मी ठरवलं होतं. तीच बोलायला लागली.

मुंबईला उतरेपर्यंत ठीक होतं. दोघं गाडीने कराडला निघाली, आणि घाट उतरता उतरता तिचे पाय भरत आले. घरासमोर गाडी थांबली तोवर दोन्ही पाय खांबासारखे झाले होते. वेदनेने डोळ्यांपुढे अंधार येत होता. पण मॉरीनने सांगितलेलं खरं ठरलं. त्या ताठ पायांवर ती उभी राहिली. दिलीप आणि भावाने दोन्हीकडून धरून तिला पायरी चढवली, दाराच्या चौकटीला धरवलं आणि तिच्याच सांगण्यावरून दोघं मागे सरले. समोरच्या खोलीत बाबांची कॉट. त्यांनी मान वळवली, आणि त्यांना दिसली ती दारात सरळ, ताठ उभी असलेली आपली मुलगी.

"किती दिवस मला हेच तर हवं होतं, ताई. बाबांनी मला उभी बघायला हवं होतं."

"मग?"

"बाबा म्हणाले, आलीस? ये, आत ये. आणि मला येताच येईना. एक पाऊल उचलायला गेले असते तर तोंडावर पडले असते. मी तशीच उभी. बाबा बघतायत. मग त्यांचा चेहरा असा विझत गेला, आणि म्हणाले, 'दारातच उभी राहिलीस, नलू. अजून राग गेला नाही का तुझा?'"

तिने चहाचा कप खाली ठेवला.

"त्यांना कॉटवरून उठता येत नव्हतं आणि मला दारातून हलता येत नव्हतं. शेवटी मी ओरडले. 'बाबा, राग नाही हो! मला चालता येत नाही!' तशी ह्यांनी मागून येऊन मला उचललं आणि त्यांच्या कॉटवर नेऊन बसवलं. लहान पोरीसारखं."

"मग सगळं सांगितलंस?"

"सगळं. किती वर्षांपासून, ते पण. ही खुर्ची, हा फवारा, सगळं. म्हटलं, बाबा, मी गांजा घेते. माझे पाय ओढून त्यांनी आपल्या मांडीवर घेतले, खुबा मोडलेला असताना, आणि पोटऱ्या चोळायला लागले. तेल मागवलं. रोज चोळायचे. हातात जोर नव्हता, नुसता हात फिरायचा. त्याने काही सुटत नव्हतं, पण मी म्हणायची, बरं वाटतंय बाबा. बारा दिवस मिळाले आम्हाला."

मी म्हटलं, "मिळाले ना, नलिनी. भेट झाली. त्यांना कळलं की राग नव्हता."

हे असं मी पेशंटना नेहमी बोलायचे. त्या खोलीत बसून बसून मला चांगलं बोलायची सवय लागली होती. नलिनीने नाही म्हणून मान हलवली. पुढे त्या फवाऱ्याला लायसन्स मिळालं, मी रिटायर झाले, मॉरीन कॉर्कला आपल्या बहिणीकडे गेली. कितीतरी माणसांजवळ बसले मी, पण मनात राहिलं ते नलिनीचं पुढचं बोलणं.

"एक दिवस बाबा चोळता चोळता थांबले," ती म्हणाली. "मला म्हणाले, 'नलू, तुझं हे सुरू झालं तेव्हा मी रोज संगमापर्यंत चालत जात होतो. तुला येता येत नव्हतं, तर मला सांगायचं होतंस. मी आलो असतो.'"